सप्ताहाची पंगत आणि एकादशीची भगर

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले हसनाबाद आणि भोवतालची खेडी वर्षातून कितीतरी वेळा एका चुलीवरचे जेवतात. हरिनाम सप्ताहातले काल्याचे जेवण, जत्रेचा भंडारा, लग्न, तेरवी, शेतातली कंदुरी अशी निमित्ते निराळी. पण चर खणून त्यावर चढवलेल्या कढया सगळीकडे सारख्याच. जेवण चांगले झाले तर महिनाभर त्याचे नाव निघते. बिघडले तर एका रात्रीत निम्मे गाव दवाखान्यात असते.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात. त्या जुन्या काळात पोटाच्या रोगांत खरी धास्ती होती ती पटकीची. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. तो दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातो, हे गावागावांत पोचायला मात्र पुढची कित्येक वर्षे गेली.

पंगतीतल्या विषबाधेबद्दल लोकांचा अंदाज वेगळा होता. जेवणानंतर उलट्या सुरू झाल्या की बोट जाई भांड्याकडे. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात चिंचेची आमटी किंवा ताक राहिले, तर ते कळकते. तांब्याचे क्षार उतरतात आणि खाणाऱ्याला मळमळून येते. म्हणून लग्नाआधी कल्हईवाला बोलावला जाई. भाता, कोळसे, नवसागराचा धूर आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील, हा कार्यघरच्या अंगणातला नेमाचा देखावा होता. ही समजूत खोटी नव्हती, अपुरी होती. ॲल्युमिनियमची पातेली आणि स्टेनलेस स्टील आले, कल्हईवाले दिसेनासे झाले, तरी विषबाधा थांबल्या नाहीत.

जुन्या पंगतीत जपणूक होती ती मुख्यतः पदार्थांच्या निवडीत. गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाची परंपरा पावणेदोनशे वर्षांची सांगतात. तिथला महाप्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. भाकरी आसपासच्या गावांतल्या घराघरांतून येते आणि आमटी जागेवर उकळते. जंतूंच्या बाजूने पाहिले तर ही जोडी मोठी सोयीची आहे. भाजलेल्या कोरड्या भाकरीत जंतूंना वाढायला पुरेसे पाणी नसते, आणि रटरटत्या आमटीत ते तग धरत नाहीत. शिवाय पंगत जागच्या जागी, पत्रावळीवर. उरलेले दुसऱ्या दिवशी वाढायचा प्रश्नच नसे.

अडचण झाली ती चूल आणि पत्रावळ यांच्यात पडणाऱ्या तासांची. अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिले की जंतू झपाट्याने वाढतात, आणि मराठवाड्यातली एप्रिल-मेची दुपार चाळिशीच्या घरात असते. भाताच्या दाण्यावर बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट ढिगात पडून राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्यातले उलट्या आणणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. स्टॅफिलोकॉकसचे विषही असेच चिवट असते. हा जंतू माणसाच्या नाकात आणि हाताच्या पिकलेल्या जखमेत राहतो, खव्यात, बासुंदीत, पेढ्यात उतरतो आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू करतो. कंदुरीच्या मटणाची गोष्ट निराळी. मोठ्या डेगीतला रस्सा मधोमध हळूहळू निवतो आणि तिथे हवाही कमी असते. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला हेच हवे. त्याने पोटात मुरडा येतो, जुलाब लागतात; उलट्या सहसा नसतात, आणि त्रास सुरू व्हायला बहुधा आठ ते सोळा तास जातात. साल्मोनेला आणखी सावकाश येतो, आणि सोबत ताप आणतो. आजारी माणूस किती वाजता जेवला आणि किती वाजता पहिली उलटी झाली, हे दोन प्रश्न म्हणूनच डॉक्टर सर्वांआधी विचारतात.

उपवासाचे जेवण लोकांना हलके वाटते. विषबाधेच्या दृष्टीने ते सर्वांत जड ठरले आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीच्या धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटी खाल्लेल्या सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला. दोनच आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याच्या सप्ताहात तेच घडले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. दोन्ही दिवशी एकादशी होती, आणि दोन्ही तालुके मराठवाडा-विदर्भाच्या याच टापूतले.

भगरीचा दोष दुहेरी आहे. शिजवलेली भगर घट्ट, ओलसर आणि पिठूळ असते. मोठ्या पातेल्यात तिचा पोटभाग तासन्‌तास कोमट राहतो. शिवाय दाण्याला किंवा पिठाला ओल लागली की ॲस्परजिलससारख्या बुरशी धरतात, आणि त्यांची काही विषे उकळूनही टिकतात. मग उलट्यांबरोबर गरगरणे आणि अंगाला कंप सुटणे अशी लक्षणे दिसतात. महाराष्ट्रात भगरीच्या गिरण्या प्रामुख्याने नाशिक भागात आहेत. तिथून निघालेला माल नवरात्र किंवा महाशिवरात्रीपर्यंत दुकानात पडून राहिलेला असू शकतो. अन्न व औषध प्रशासन सणावाराआधी दरवेळी बजावते: सुटी भगर आणि सुटे पीठ घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा, निवडून-धुऊन घ्या, पीठ लागेल तेवढेच दळून आणा. जुने पीठ उन्हात वाळवल्याने त्यातले विष जात नाही, हेही सांगायला हवे.

गावजेवणाची काळजी मुळात साधी आहे, फक्त ती आचाऱ्याच्या वेळापत्रकात बसवावी लागते. भात सर्वांत शेवटी लावावा; एका अजस्र पातेल्याऐवजी चार लहान पातेल्यांत, पंगतीगणिक शिजवावा. आमटी निखाऱ्यावर वाफाळती ठेवावी. हाताला गळू असलेल्याला वाढायलाही ठेवू नये आणि कालवायलाही नाही. खवा त्याच दिवशीचा असावा. पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. बाहेरून टँकर आला तर त्यातले पाणीही त्याच्या नजरेखालून जायला हवे, आणि इथेच बहुतेक ठिकाणी ढिलाई होते.

आजार झालाच तर जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी गेल्यामुळे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले; आज आशा कार्यकर्तीच्या पिशवीतली ओआरएसची पुडी त्याच उपायाची आहे. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल, शौचात रक्त पडत असेल, लघवी थांबली असेल, तर मात्र पुडीवर न थांबता रुग्णालय गाठावे लागते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. विषबाधेनंतर अन्नाचे आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पण तपासनीस गावात पोचेपर्यंत कढया घासून पालथ्या पडलेल्या असतात, उरलेले अन्न गुरांपुढे गेलेले असते, आणि मग अहवालात जंतूचे नाव येत नाही. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवण्याची पद्धत मोठ्या स्वयंपाकघरांत आहे. सप्ताहाच्या मंडपात ती अजून आलेली नाही.