प्रवासातील औषधे

प्रवासातील औषधे : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेली आणि प्रवाशाने स्वतःच्या वापरासाठी विमानातून वा जहाजातून परदेशी नेलेली औषधे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, अपस्मार, सांधेदुखी, निद्रानाश व मानसिक विकार यांवरील रोजच्या औषधांचा यात मोठा भाग असतो. औषध एका देशात रीतसर विकत घेतले म्हणून ते दुसऱ्या देशात रीतसर ठरत नाही. चिठ्ठीचा अंमल सहसा ती लिहिणाऱ्या डॉक्टरच्या देशापुरताच असतो आणि या विषयातील बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

कायद्याची चौकट : मादक औषधांविषयीचा एकल करार 1961 साली न्यूयॉर्क येथे, तर मनोवर्ती पदार्थांविषयीचा करार 1971 साली व्हिएन्ना येथे झाला. दुसऱ्या कराराच्या चौथ्या कलमानुसार प्रवाशाला स्वतःपुरते अल्प औषध नेऊ देता येते. पण ही मुभा देशांना आहे, प्रवाशाचा तो हक्क नव्हे. ‘अल्प’ म्हणजे किती, हे ज्या त्या देशाने ठरवायचे. 1961 च्या करारातील 32 वे कलम त्यामानाने कमी परिचित आहे. जहाजाच्या व विमानाच्या प्रथमोपचार पेटीतील मादक औषधे त्या कलमाने आयात-निर्यात या सदरातून वगळली आहेत. त्यामुळे जहाजाच्या पेटीतले मॉर्फिन बंदरोबंदर बिनबोभाट फिरते. त्याच जहाजावरील कर्करुग्णाच्या पिशवीतील मॉर्फिनला मात्र वाटेतल्या प्रत्येक देशाचा कायदा लागू होतो.

भारतात या औषधांचे वर्गीकरण औषध नियम, 1945 मधील अनुसूचींनुसार होते. एच1 ही अनुसूची 2013 साली जोडण्यात आली. अल्प्राझोलॅम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही तीतील नित्य परिचयाची औषधे. एक्स अनुसूचीतील औषधांची (उदा. मेथिलफेनिडेट) चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदाराला तिची एक प्रत दोन वर्षे सांभाळावी लागते. ट्रॅमाडॉल 2018 मध्ये अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्याखाली आणले गेले. कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या अल्ट्रासेटसारख्या गोळीत पॅरासिटामॉलच्या जोडीला ट्रॅमाडॉलच असते, ही गोष्ट वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचल्याखेरीज कळत नाही. हेच औषध परदेशी नेणे महागात पडू शकते : 2017 साली इजिप्तच्या हुर्घाडा विमानतळावर एका ब्रिटिश महिलेच्या सामानात ट्रॅमाडॉलच्या 290 गोळ्या सापडल्या. त्या आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या असल्याचे तिने सांगितले. न्यायालयाने तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

वेष्टन व कागदपत्रे : भारतीय प्रवाशाची खरी अडचण गोळीत नसून गोळीच्या पट्टीत आहे. पाश्चात्त्य देशांत औषधविक्रेता बाटलीवर रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव, मात्रा व तारीख असलेले लेबल चिकटवतो. परदेशी सीमाशुल्क अधिकारी असे लेबल शोधतो आणि भारतीय पट्टीवर ते कधीच नसते. पट्टीवर असते ते व्यापारी नाव, घटकद्रव्य, उत्पादक, बॅच क्रमांक, किंमत आणि मुदत. त्यांतही बॅच क्रमांक व मुदत बहुधा पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असतात. दुकानदार दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो तेव्हा नेमके ते टोक त्याच्याकडे राहते, आणि गिऱ्हाइकाच्या हाती येतो तो अर्धवट नावाचा चंदेरी तुकडा. प्रवासासाठी पूर्ण पट्ट्याच घ्याव्यात. सोमवार ते रविवार अशा सात खणांच्या डबीत काढून ठेवलेल्या गोळ्या घरी सोयीच्या असल्या, तरी तपासणीत त्या निनावी ठरतात. डबी रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरावी.

दुसरी गोष्ट नावाची. अल्प्रॅक्स, एल्ट्रॉक्सिन, कॉम्बिफ्लाम या नावांवरून परदेशी अधिकाऱ्याला काही बोध होईलच असे नाही. चिठ्ठीवर घटकद्रव्याचे जेनेरिक नाव, मात्रा, दिवसाला किती वेळा, किती दिवसांसाठी आणि कोणत्या विकारावर एवढा तपशील इंग्रजीत टंकलिखित असावा; प्रवाशाचे नाव पारपत्राप्रमाणे असावे. डॉक्टरने जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत 2016 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. नोंदणी क्रमांकासह सही-शिक्का आणि खरेदीची पावती सोबत ठेवल्यास सहसा प्रश्न उद्भवत नाही. शेजाऱ्याच्या मुलासाठी म्हणून दिलेली गोळ्यांची पुडी या सर्व कागदांच्या बाहेरची असते. ती घेऊ नये.

देशवार नियम : जपानचे नियम सर्वांत काटेकोर आणि सर्वांत स्पष्टही. चिठ्ठीवरील औषध एक महिन्यापुरते, तर बिनचिठ्ठीचे दोन महिन्यांपुरते असेल तर परवाना लागत नाही. त्याहून अधिक असल्यास आधी प्रमाणपत्र मिळवावे लागते. ‘याक्कान शोमेई’ या नावाने ते ओळखले जाई, 2020 पासून त्याचे नाव ‘युन्यू काकुनिन-शो’ असे आहे. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन यांसारखी औषधे नेण्यासाठी अमली पदार्थ नियंत्रण कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अवधानदोषावर अमेरिकेत सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्फेटामिनयुक्त औषधे चिठ्ठी असली तरी निषिद्ध आहेत. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून अधिक असल्यास तीही चालत नाही. 2015 साली टोयोटा कंपनीच्या एका अमेरिकन उच्चाधिकारी महिलेला टपालाने आलेल्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांवरून अटक झाली. पुढे आरोप दाखल न होता तिची सुटका झाली, तथापि पदाचा राजीनामा द्यावा लागला.

संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम इत्यादींसाठी शासनाची ऑनलाइन परवानगी प्रवासापूर्वीच घ्यावयाची असते. खोकल्याच्या काही भारतीय औषधांत कोडीन असते, हे येथे ध्यानात घ्यावे. (औषध नसली तरी खसखस तेथे बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. दिवाळीत दुबईच्या लेकीकडे जाणाऱ्या अनारशांच्या डब्याने ही नोंद औषधांइतकीच गंभीरपणे वाचावी.) युरोप-अमेरिकेकडे जाताना दुबईत केवळ विमान बदलणाऱ्या प्रवाशाला हे नियम कितपत लावले जातात याविषयी एकवाक्यता नाही.

सिंगापूरमध्ये काही शामक व वेदनाशामक औषधांना आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरता तीन महिन्यांचा साठा चालतो. न्यूझीलंडमध्येही तसेच, पण नियंत्रित औषधे एकाच महिन्याची. अमेरिकेत साधारण 90 दिवसांचा संकेत आहे.

विमानप्रवास : ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर हातातील सामानात 100 मिलीलीटरची मर्यादा आली. आवश्यक औषधे तिला अपवाद आहेत. मात्र ती वेगळी काढून दाखवावी लागतात. सर्व औषधे हातातील बॅगेतच ठेवावीत. सामान चुकते हे त्याचे सर्वपरिचित कारण. इन्शुलिनच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच असते, आणि सामानकक्षातील तापमानाचा भरवसा नसतो. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात. वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे थंडाव्याच्या खोलीत टिकते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो (मुंबई-न्यूयॉर्क वेळांतील अंतर ऋतुमानानुसार साडेनऊ वा साडेदहा तासांचे) आणि इन्शुलिनची गरज वाढू शकते; पूर्वेकडे जाताना ती घटते. मात्रेचे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरकडून लिहून घ्यावे. विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका असतो, म्हणून फुप्फुसाच्या रुग्णांना ऑक्सिजन लागू शकतो. स्वतःचा सिलिंडर सहसा नेता येत नाही; मान्यताप्राप्त कॉन्सन्ट्रेटर विमान कंपनीला आगाऊ कळवून नेता येतो. त्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवू नयेत.

भूसीमा : रस्त्याने वा रेल्वेने सीमा ओलांडणाऱ्यांनाही त्या त्या देशाचे औषधनियम लागू.

जलप्रवास : क्रूझवर बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीच्या दाराशी कित्येकदा संध्याकाळी पोहोचतात; दुपारची मात्रा त्यात अडकते. शंभर वा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असला पाहिजे, असे 2006 चा सागरी श्रम करार सांगतो. जहाजावरील औषधसाठा तातडीच्या उपचारांसाठी असतो, रक्तदाबाची नेमकी तीच गोळी तेथे मिळेल असे गृहीत धरू नये. उपचारांचे पैसे निराळे लागतात. खोलीतील छोटा फ्रीज शीतपेयांसाठी असतो. इन्शुलिनसाठी वैद्यकीय फ्रीज आणि वापरलेल्या सुयांसाठी बंद डबा आधी कळवून मागावा. बोट लागू नये म्हणून घेतली जाणारी सिनारिझिन ही गोळी अमेरिकेत विक्रीस मान्य नाही. सफर जितक्या देशांना शिवते तितक्या देशांचे नियम पाहावे लागतात. बंदरावर न उतरणाऱ्यासही त्यातून सूट गृहीत धरता येत नाही.

आयुर्वेदिक औषधे : आपल्याकडे चिठ्ठीविना मिळणारी रसौषधे परदेशी तपासणीत जड धातूंमुळे अडतात. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्षांवर वैद्यवर्तुळात आक्षेप आहेत. चूर्णे, काढ्याची मुळे व बिया यांना ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जैवसुरक्षेचे नियम लागतात. न्यूझीलंडमध्ये असा माल न सांगता नेल्यास जागेवर 400 डॉलर दंड होतो. आगमनपत्रिकेत ‘होय’ अशी खूण करून माल दाखवल्यास दंड होत नाही, फार तर ती पुडी तेथे ठेवून घेतात.