वाचवणाऱ्याचं खातं

इतिहासाची वही एकेरी नोंद पद्धतीने लिहिलेली आहे, असं माझं बी.कॉम.पासूनचं मत आहे. कोणी कोणाला मारलं याची सनावळी आपल्याला तोंडपाठ; कोणी कोणाला मरू दिलं नाही हे शोधायला जाल तर समासही कोरा. वाचवणाऱ्याला पानावर जागा हवी असेल, तर त्याला १६६० साली घोडखिंडीत उभं राहून देह ठेवावा लागतो. त्याहून स्वस्तात काम होत नाही.

म्हणूनच, आमचे चिरंजीव मोबाइलवर ज्या बंदुकांच्या खेळांत बुडालेले असतात त्यांचा इतिहास चाळला, तेव्हा मी चाटच पडलो. पंचवीस वर्षांच्या आत या पोरखेळाने वहीची दुसरी बाजू उघडली होती!

आरंभ अगदी रानटी. १९९३ साली अमेरिकेत 'डूम' निघाला. चौघांनी आपापले कॉम्प्युटर जोडायचे आणि एकमेकांना टिपायचं. या प्रकाराचं नावच 'डेथमॅच'. जितके मुडदे तितके गुण. चौघांनी मिळून राक्षसांशी लढायचीही सोय होती. पण तिथेही मित्राची गोळी मित्राला लागायची. थोडक्यात, एकत्र कुटुंब.

१९९६ साली तिघा ऑस्ट्रेलियन तरुणांनी 'क्वेक' या खेळात फेरफार करून 'टीम फोर्ट्रेस' काढला आणि त्यात चक्क एक डॉक्टर घातला. त्याच्या पेटीने आपला माणूस बरा व्हायचा आणि तीच पेटी शत्रूला लावली की त्याला रोग जडायचा. कोणाला काय लावतोय एवढं लक्षात ठेवलं, की प्रॅक्टिस चालली.

१९९९ चा 'काउंटर-स्ट्राइक' कडक. त्यात डॉक्टर नाही. मेला तो डाव संपेपर्यंत प्रेक्षक. पण त्यात पैसा आला, आणि पैसा आला की आम्हा बँकवाल्यांना कळायला लागतं. आपल्याच माणसाला मारलं तर पैसे वजा. उलट, सोबत्याकडे बंदुकीपुरते पैसे नसतील तर आपण विकत घेऊन त्याच्यापुढे टाकायची. बिनव्याजी, बिनतारणी, जामीनदाराच्या सहीशिवाय! असं कर्ज आमच्या शाखेत मागून बघा.

२००७ साली 'टीम फोर्ट्रेस २' मध्ये डॉक्टरच्या हातात एक यंत्र आलं. ते पुरतं भरलं की आठ सेकंद डॉक्टर आणि त्याचा पेशंट दोघांनाही गोळी लागत नाही. आणि पेशंटने शत्रू टिपला, की डॉक्टरच्या खात्यात अर्धा गुण जमा. अर्धा का होईना, जमा! पुढच्याच वर्षीच्या 'लेफ्ट ४ डेड' मध्ये तर अंगावर झेप घेतलेला शत्रू स्वतःला झटकताच येत नाही, सोबत्यालाच धावावं लागतं. आणि अमक्याने तमक्याला वाचवलं, असं पडद्यावर लिहून येतं. नावे आणि जमा, एकाच ओळीत.

मग २०१७ साली 'पबजी' आला. पुढच्या वर्षी तो मोबाइलवर उतरला आणि आमच्या घरात शिरला. २०२० साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली, तर २०२१ साली तो नाव बदलून परत आला. यात गोळी लागलेला गडी लगेच मरत नाही. गुडघ्यांवर रांगत राहतो आणि त्याचा जीव थेंब थेंब ओसरतो. कबड्डीत समोरचा गडी मारला की आपला मेलेला जिवंत होतो, म्हणजे तिथेही जीव मारूनच मिळतो. इथे मात्र कोणीतरी शेजारी जाऊन बसावं लागतं. दहा सेकंद. तेवढ्या वेळात त्याला बंदूक चालवता येत नाही.

शत्रूही बेरकी. पडलेल्याला मुद्दाम तसाच ठेवतो आणि उचलायला येणाऱ्याची वाट बघतो. म्हणून नवशिके धावत जातात आणि दोघेही संपतात. जाणते आधी धूर सोडतात. मग एकजण शत्रूच्या दिशेने गोळ्या झाडत राहतो. कोणाला लागाव्यात म्हणून नव्हे, तर त्याने डोकं वर काढू नये म्हणून. या आडोशात तिसरा जाऊन पडलेल्याला उठवतो. गोळ्या झाडणाऱ्याच्या नावावर शेवटी मुडदा एकही नाही.

हे वाचताना मला शेजारच्या काउंटरवरच्या बाई आठवल्या. गेल्या वर्षी माझी आई तीन आठवडे दवाखान्यात होती. मी चारला निघायचो. पेन्शनच्या दिवशी माझ्यापुढची रांग दारापर्यंत गेली, की बाई स्वतःची रांग सांभाळून हाक द्यायच्या, "आजोबा, तुम्ही इकडे या!" माझं उरलेलं काम उरकून त्यांची नेहमीची लोकल रोज चुकायची. वर्षाअखेर कामाच्या मूल्यमापनाचा फॉर्म आला. ठेवी किती आणल्या, विमा किती विकला, सगळ्याला रकाने. या तीन आठवड्यांना रकाना नव्हता. बाईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय लिहायचं?" आई मात्र घरी आली, ती मी चारला पोचत होतो म्हणूनही.

परवा चिरंजीव खेळ संपवून जेवायला आले. मी विचारलं, "किती मारले?"

"एकही नाही," तो पानावर बसत म्हणाला, "पण तिघांना उठवलं, बाबा."

त्या शून्याची त्याला जराही लाज नव्हती. बी.कॉम. न होताच पोराला दुहेरी नोंद पद्धत समजली होती.