लोन स्टार (१९९६ चित्रपट)

लोन स्टार हा १९९६ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन रहस्यप्रधान नाट्यपट आहे. त्याचे लेखन, दिग्दर्शन आणि संकलन जॉन सेल्स यांनी केले. कथा अमेरिका-मेक्सिको सीमेवरील, टेक्सासमधील फ्रोंतेरा या काल्पनिक गावात घडते. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच 'सीमा' असा आहे. चित्रपटाचे शीर्षक टेक्सासच्या ध्वजावरील एकमेव ताऱ्यावरून आले आहे.

कथानक

गावाबाहेरील गोळीबार सरावाच्या ओसाड मैदानात दोन सैनिकांना मानवी सांगाडा सापडतो. त्याच जागी मिळालेल्या शेरिफच्या बिल्ल्यावरून तो चार्ली वेड याचा असावा, असे दिसू लागते. वेड हा लाचखोर व क्रूर शेरिफ १९५७ साली बेपत्ता झालेला असतो आणि त्याच्याबरोबर दहा हजार डॉलरचा सरकारी निधीही नाहीसा झालेला असतो. त्याच्यानंतर शेरिफ झालेला बडी डीड्स गावात दंतकथा बनून राहिलेला आहे. आता शेरिफपदी असलेला बडीचा मुलगा सॅम हा तपास हाती घेतो. खून वडिलांनीच केला असावा, असा त्याचा संशय असतो.

तपासात सॅमची भेट तरुणपणीची प्रेयसी पिलार क्रूझ हिच्याशी होते. ती इतिहासाची शिक्षिका असून शाळेत टेक्सासचा इतिहास कोणाच्या बाजूने शिकवावा, यावर पालकांत वाद चालू असतो. दुसऱ्या उपकथानकात मद्यगृहाचा मालक ओटिस पेन आणि लष्करी तळाचा प्रमुख असलेला त्याचा मुलगा डेलमोर यांच्यातील दुरावा येतो.

अखेरीस सत्य कळते. ओटिसवर गोळी झाडण्याच्या बेतात असलेल्या वेडला त्याचाच सहायक हॉलिस याने मारलेले असते. तोच पुढे महापौर होतो. बडी, हॉलिस आणि ओटिस ही गोष्ट दडवतात. नाहीसा झालेला पैसा, वेडने ठार केलेल्या एलादिओ क्रूझच्या विधवेला, म्हणजे पिलारची आई मर्सिडीज हिला, दिलेला असतो. खुनाचा आळ बडीवर येईल हे ठाऊक असूनही सॅम मौन पत्करतो. मात्र बडी हाच पिलारचाही पिता होता, हे दुसरे गुपित त्या दोघांच्या वाट्याला येते. बंद पडलेल्या उघड्या चित्रपटगृहात ते भूतकाळ मागे टाकून एकत्र राहण्याचे ठरवतात.

कलावंत

* क्रिस कूपर – सॅम डीड्स
* एलिझाबेथ पेन्या – पिलार क्रूझ
* क्रिस क्रिस्टोफरसन – चार्ली वेड
* मॅथ्यू मॅकोनाहे – बडी डीड्स
* जो मॉर्टन – डेलमोर पेन
* रॉन कॅनडा – ओटिस पेन
* मिरियम कोलोन – मर्सिडीज क्रूझ
* क्लिफ्टन जेम्स – हॉलिस

शैली व आशय

छायाचित्रण स्टुअर्ट ड्रायबर्ग यांचे, तर संगीत मेसन डेअरिंग यांचे आहे. पूर्वस्मृतीच्या दृश्यांसाठी अनेकदा दृश्य न तोडता कॅमेरा केवळ बाजूला वळवला जातो आणि त्याच जागी जुना काळ उभा राहतो. त्यामुळे भूतकाळ वर्तमानाला लागूनच असल्याचा प्रत्यय येतो. खुनी कोण, या प्रश्नाइतकेच गावाची स्मृती कोण घडवते आणि गोरे, मेक्सिकन व कृष्णवर्णीय समाज एकच इतिहास किती वेगळा सांगतात, यालाही चित्रपटात महत्त्व आहे.

प्रतिसाद

समीक्षकांनी चित्रपटाची प्रशंसा केली. रॉजर इबर्ट यांनी त्याला चार तारे दिले. सेल्स यांना सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेसाठी ऑस्कर नामांकन मिळाले. तो पुरस्कार 'फार्गो'ला गेला. पेन्या यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला.