राखेंतील अक्षरें

लिहिलेलें नष्ट होणें आणि लिहिलेलें सांपडेनासें होणें या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. घरचा संगणक बंद पडला, वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें गेलीं, म्हणून आपण कपाळाला हात लावतों, तेव्हां पुष्कळदां दुसरीच गोष्ट घडलेली असते. हा भेद नीट ध्यानांत यावा म्हणून २००३ सालच्या एका हार्ड डिस्कची हकीकत श्रोत्यांस सांगावयाची आहे.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख. १९५६ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारें पहिलें यंत्र बाजारांत आणलें. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या त्यांत एकीवर एक रचलेल्या असत, आणि कपाटाएवढ्या त्या सांगाड्यांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. पुढें आकार आक्रसत गेला. तत्त्व तेंच राहिलें. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेंकते, येथें तसें नाहीं. वाचन-लेखन करणारें 'हेड' हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगतें आणि खालच्या पृष्ठभागावरील चुंबकीय खुणा ओळखतें. धुळीचा एक कण म्हणजे त्याच्या वाटेंतला डोंगरच. या खुणा टिकण्यास विजेची गरज नसते. मोटार जळो, विद्युत्‌-मंडल जळो, हेड मोडो. तबकडी शाबूत असेल तर अक्षरें जागच्या जागीं असतात. फाइल 'पुसली' असें आपण म्हणतों, तेव्हांहि बहुधा अनुक्रमणिकेंतील एक ओळच खोडलेली असते. त्या जागीं नवें कांहीं लिहिलें जाईपर्यंत पान तसेंच राहतें.

आतां मूळ हकीकत. १६ जानेवारी २००३ रोजीं 'कोलंबिया' हें अवकाशयान सात अंतराळवीरांना घेऊन निघालें. कर्नालच्या कल्पना चावला त्यांत होत्या. उड्डाणाच्या वेळीं बाहेरील टाकीवरच्या फोमच्या आवरणाचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीस परततांना त्या भगदाडांतून तप्त वायु पंखांत शिरले, आणि भूमीवर उतरण्यास सुमारें १६ मिनिटें उरलीं असतां यान टेक्ससच्या आकाशांत फुटलें. सातहि जण गेले. पुढें ८० हजारांहून अधिक तुकडे गोळा झाले, पण त्या सर्वांचें वजन यानाच्या निम्म्याइतकेंहि भरलें नाहीं.

यानावर झेनॉन वायूचा एक प्रयोग चालला होता. टोमॅटोचें सॉस बाटलींत घट्ट बसून राहतें व हलवितांच सैल होऊन वाहूं लागतें, हें आपण पाहतों. साध्या वायूंत असा गुण दिसावयाचा नाहीं. परंतु सुमारें १७ अंश सेल्सिअस तपमान व ५८ वातावरणांचा दाब अशा एका विशिष्ट स्थितींत, जेथें द्रव आणि वायु हा भेदच मावळतो, तेथें झेनॉनहि तसाच वागावा असें सिद्धान्त सांगत होता. पृथ्वीवर तें नीट पडताळतां येत नाहीं, कारण वायूचे खालचे थर वरच्यांच्या भारानें दबतात. म्हणून निकेलची एक नाजूक जाळी झेनॉनमध्यें हालवीत अंतराळांत मोजमाप करण्यांत आलें. त्यांतील कांहीं माहिती रेडिओद्वारा पृथ्वीवर आली होती. बाकीची हार्ड डिस्कवर होती.

कोरड्या पडलेल्या एका तळ्याच्या पात्रांत ती डिस्क पुढें सांपडली. बाहेरून पाहिली तर भट्टींतून काढलेला लोखंडाचा गोळाच. भाग करपलेले, धूळ अडविणारें सील वितळून आंत माती गेलेली. मिनेसोटा राज्यांतील क्रोल ऑन्ट्रॅक या कंपनीकडे ती देण्यांत आली. तेथील तंत्रज्ञांनीं तबकड्या काढल्या, रसायनानें धुतल्या, नव्या यंत्रांत बसविल्या आणि दोन दिवसांत ९९ टक्के माहिती वाचून काढली.

वृत्तपत्रांस हा चमत्कार वाटला. तंत्रज्ञांच्या हातास उणेपणा न आणतां मला म्हणावेंसें वाटतें कीं, निम्मी कामगिरी आधींच होऊन गेली होती. तबकड्यांवर खांचा पडल्या होत्या खऱ्या, पण डिस्क सुमारें अर्धी रिकामी होती, आणि खांचा पडल्या त्या कोऱ्या भागांत. प्रयोगाचा संगणक 'डॉस' या जुनाट प्रणालीवर चाले. त्या काळींहि ती कालबाह्य ठरली होती; परंतु नव्या प्रणालींप्रमाणें ती माहिती तबकडीभर विखरून टाकीत नसे. एखाद्या जुन्या वळणाच्या कारकुनानें वहीच्या पहिल्या पानापासून ओळीनें लिहीत जावें, तसें तें लिखाण एकत्र राहिलें होतें.

यानावरच्या आणखी दोन डिस्क याच तंत्रज्ञांपुढें आल्या होत्या. त्यांतून एक अक्षरहि निघालें नाहीं. त्यांच्या तबकड्यांची चुंबकत्व धरून ठेवण्याची शक्तीच नाहीशी झाली होती. येथें खरोखर लिखाण नष्ट झालें होतें, आणि त्यावर कोणाच्याहि कौशल्याचा इलाज नव्हता.

झेनॉनच्या प्रयोगाचा निबंध २००८ सालीं 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. जाळी जोरानें हालविली असतां झेनॉन सैल होतो, हें त्यांतील आंकड्यांवरून दिसून आलें, आणि तें सिद्धान्ताशीं जुळलें.