शाबानची परीक्षा, मे महिन्याची सुट्टी

१९९३ साली मी दहावीला होतो. त्या वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला होता. मदरशात शिकणारे भाईजान महिनाभराच्या सुट्टीवर घरी आले होते. ते मशिदीत तरावीह पढवायचे आणि मी कंदिलाजवळ भूमितीची प्रमेये घोकायचो. एकाच घरात दोन कॅलेंडरं होती.

पुढे शिक्षक झाल्यावर समजले की दोन्हींना इतिहास आहे. १८६६ मध्ये सुरू झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमचे शैक्षणिक वर्ष हिजरी महिन्यांवर चालते. शव्वालमध्ये प्रवेश, शाबानमध्ये वार्षिक परीक्षा, रमजानभर सुट्टी. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. रमजानात हाफिज विद्यार्थी गावोगावी तरावीह पढवायला जातात, म्हणून ही सोय.

धर्मावर वेळापत्रक बेतणे ही फक्त मदरशांची रीत, असे अनेकांना वाटते. त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या तीन सत्रांची नावे पाहावीत: मायकेलमस, हिलरी, ट्रिनिटी. मायकेलमस हा २९ सप्टेंबरचा ख्रिस्ती सण, हिलरी हे चौथ्या शतकातले संत, ट्रिनिटी हाही सणच. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. आज तिथल्या महाविद्यालयांना दिवाळीची सुट्टी आहे, नाताळची आहे आणि मे महिन्यातली उन्हाळ्याचीही आहे. यात गैर काहीच नाही. विद्यापीठ माणसांसाठी असते आणि माणसांना सण असतात, ऊनही लागते.

अडचण एवढीच की चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्यात ईद चंद्रदर्शनावर ठरते, पण परीक्षेचे वेळापत्रक महिनोन् महिने आधी छापलेले असते. म्हणून ईदच्या आसपास एक-दोन दिवस मोकळे ठेवा, ही मागणी लाड करा म्हणून नसते. ते साधे गणित आहे.

२०१८ साली रमजान मे-जूनमध्ये आला. भाईजान आता मदरशात उस्ताद, मी शाळेत सर. पंचवीस वर्षांनी आमच्या सुट्ट्या जुळल्या. रोज एकाच दस्तरखानावर इफ्तार झाली. अम्मी म्हणाल्या, "दरवर्षी असंच का नाही होत रे?"

मी हिशेब मांडला. असा योग पुन्हा २०५० च्या सुमारास. मी सत्तरी ओलांडलेली असेल. अम्मींना मात्र मी एवढेच म्हणालो, "होईल, इन्शाअल्लाह."