दप्तराची दुसरी प्रत

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दप्तर म्हटले की धुळीने माखलेले रुमाल, कसर लागलेले कागद आणि ‘उद्या या’ म्हणणारा कारकून, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. लढाया, तह, राज्याभिषेक हे इतिहासाचे विषय. कागद कसा जपला आणि त्याची नक्कल कोठे ठेवली, हा काय इतिहासाचा विषय झाला? आमचे म्हणणे असे की, झाला. ज्या गावाचा कागद राहिला त्या गावाचे पाणी, कुरण आणि सरपण यांवरील हक्क राहिले; ज्याचा कागद गेला त्याला आपल्याच तलावाच्या पाण्यासाठी दुसऱ्यापुढे हात जोडावे लागले. भंडारा जिल्ह्यात, तलावांच्या या मुलखात, ही गोष्ट कोणास वेगळी सांगावयास नको.

आसगावच्या मंडळींना जुना लेख पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या तालुक्याच्या गावी, पवनीस, १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. तेथे बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले, आणि दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. दोन हजार वर्षांचा पाऊस अंगावर घेऊन ती नावे आजही वाचता येतात. त्यानंतर या विदर्भात वाकाटकांचे राज्य झाले. त्यांनी जमिनी दान दिल्या त्या ताम्रपटांवर कोरून दिल्या. चार-पाच पत्रे, त्यांना भोक पाडून ओवलेली कडी, आणि कडीवर राजमुद्रा. मधलाच एखादा पत्रा काढून दुसरा घालता येऊ नये म्हणून ही योजना होती. कागदाची राखण कशी करावी याचा विचार आपल्या पूर्वजांनी किती आधी केला होता, हे त्या एका कडीवरून कळते.

परंतु दगड आणि तांबे यांना एक मर्यादा आहे. दान एकदाच दिले जाते आणि ‘आचंद्रार्क’ चालावयाचे असते. म्हणून ते दगडावर शोभते. कामाची रीत मात्र तशी नसते. वसुली कोणत्या हप्त्याने करावी, कोठारातले धान्य कोणाच्या हुकमाने बाहेर काढावे, पत्राचा मायना कसा असावा, या गोष्टी काळानुसार बदलतात. रीत लिहून ठेवावी तर ती बदलता आली पाहिजे. आणि बदलली तरी कालची रीत काय होती हेही सापडले पाहिजे. टिकावू तरीही बदलते, असे हे दप्तर सांभाळणे दगडावर कोरण्याहून अवघड आहे. आमच्या आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

मराठी मुलखात कामाची रीत लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर परंपरेने ‘मेस्तक’ सांगितले जाते. पत्र कोणास कसे लिहावे, हिशेब कसा मांडावा, हे नव्या कारकुनाला शिकविणारे ते पुस्तक. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. मेस्तकासारख्या पोथ्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या कारकुनाने नक्कल उतरून घेतली त्याने आपल्या कचेरीच्या सोयीप्रमाणे कोठे ओळ वाढवली, कोठे गाळली. त्यामुळे प्रती पुष्कळ झाल्या, पण एक प्रत दुसरीशी तंतोतंत जुळेना. नक्कल करणे आणि नकला एकमेकींशी रुजू घालणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एकच प्रत असली म्हणजे काय होते, हा धडा स्वराज्याने रायगडावर घेतला. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला, आणि त्या धामधुमीत राजधानीचे दप्तर नष्ट झाले असे इतिहासकार मानतात. आज शिवकालातील अस्सल कागद आपणास सापडतात ते बहुतेक राजधानीतले नव्हेत. ज्यांना ते पाठविले गेले त्या देशमुखांच्या, इनामदारांच्या, मठांच्या घरी राहिलेले आहेत. म्हणजे स्वराज्याची स्मृती वाचली ती दूरच्या गावी, दुसऱ्याच्या पेटीत पडून राहिलेल्या प्रतींमुळे. पुढे राजाराम महाराज जिंजीस असताना, १६९७ च्या सुमारास, कृष्णाजी अनंत सभासदाने थोरल्या महाराजांचे चरित्र लिहिले. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत कसे नेमावेत, लष्कराची व्यवस्था कशी होती, हे त्याने आठवणीने सांगितले आहे. सभासदाचे उपकार मोठेच. पण राज्याची कार्यपद्धती एका वृद्ध सेवकाच्या स्मरणातून समजून घ्यावी लागणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. सभासद नसता तर?

पेशवाईत हुजूर दफ्तराची जी घडी बसली ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फडणिसांच्या हाताखालच्या ‘चालत्या दफ्तरा’त रोजचा व्यवहार नोंदला जाई. दुसरे ‘एकबेरीज दफ्तर’. ते कायम पुण्यास असे. तेथे सर्व खात्यांचे हिशेब येत, त्यांची खतावणी होई आणि सालाचे तर्जुमे तयार होत. चालत्या व्यवहाराचे स्थान वेगळे आणि जमा झालेल्या लेखांचे स्थान वेगळे, ही त्यातील खुबी. कागदावर ‘बार’ असा शेरा पडला म्हणजे त्याची नोंद झाली असे समजावे. शिवाय गावी कुलकर्ण्याचे दप्तर, परगण्यास देशपांड्याचे आणि वर हुजूरचे. वतनाचा तंटा उभा राहिला की या तिन्ही ठिकाणचे कागद मागवून ताडून पाहात. कुलकर्ण्याने खाडाखोड केली तरी देशपांड्याचा कागद बोले, आणि दोघे संगनमताने वागले तर हुजूरचा कागद त्यांना खोटे पाडी.

आता याच्या पुढची गोष्ट ऐका. १७९६ साली दुसरा बाजीराव गादीवर आला. १८०० साली नाना फडणीस वारले. महालांची मामलत मक्त्याने देण्याचा प्रघात पडला. ज्याने अधिक रक्कम कबूल केली त्याला महाल मिळू लागला. मग जुन्या हिशेबाची गरज कोणास? दफ्तराचे कारकून जवळजवळ नाहीसे झाले, लोक आत शिरून हवा तो कागद बाहेर नेऊ लागले. १८१८ नंतर मॅक्लाउड या इंग्रज अधिकाऱ्याने दफ्तराची पाहणी केली, तेव्हा त्याला ही दुर्दशा आढळली. त्या वीस-बावीस वर्षांत दफ्तर राखणारी माणसेच उरली नव्हती. रायगडचे दप्तर शत्रूमुळे गेले, पुण्याचे हयगयीमुळे विस्कटले. जे उरले त्यातूनच सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, यावरून मूळ ठेव्याची कल्पना यावी.

आपल्या विदर्भाची कथा आणखी निराळी. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत झाला, १९५१ साली मालगुजारी गेली, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. शंभर वर्षांच्या आसपास इतके धनी बदलले. तरी गावाची वहिवाट टिकली ती दोन कागदांच्या आधाराने: वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक. पाटाचे पाणी कोणी कसे घ्यावे, वाट कोठून जावी, मासे कोणी धरावेत, या चालीरीती पहिल्यात. गुरे कोठे चारावीत, लाकूडफाटा, मुरूम, वाळू कोणत्या अटींवर आणावी, हे दुसऱ्यात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी या कागदांची तरतूद ठेवलेली आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘निस्तार’ हा शब्द सामूहिक हक्कांत नावानिशी घेतला आहे. हे कागद म्हणजे साऱ्या गावाने मिळून लिहिलेली कामाची रीतच होय. गावाने दावा मांडला तर पहिला प्रश्न येतो: कागद कोठे आहे? आणि तो सापडला तरी दुसरा प्रश्न उरतो: वाचणार कोण? विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि पेट्यांतले कितीतरी कागद शाबूत असूनही मुके झाले. प्रत राखणे पुरत नाही. ती वाचण्याची सोयही राखावी लागते.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर २१ जून २०१२ हा दिवस आठवावा. मुंबईस मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसे दगावली आणि असंख्य फायली राख झाल्या. अशा वेळी नव्याने फाईल उभी करावयाची ती इतर कचेऱ्यांत पडून असलेल्या नकलांवरूनच. रायगडानंतर जे देशमुखांच्या पेट्यांनी केले तेच काम येथे दूरच्या कचेऱ्यांकडे आले.

आज कामाची रीत संगणकात लिहिली जाते. दवाखाना, कारखाना, पतपेढी, भातगिरणी, कोठेही पाहा. यंत्र कसे सुरू करावे, रोकड कशी मोजावी, आग लागली तर कोणी काय करावे, या कार्यपद्धती लिहिण्यासाठी खास सॉफ्टवेअर असते. हे आजचे मेस्तक. त्यात बदल करणे सोपे, नक्कल करणे त्याहून सोपे; आणि सोपे असल्यामुळेच आपण गाफील राहतो. एखाद्या कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सगळ्या रीती एका संगणकात आहेत. त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर आहे, पण ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात. पावसाळ्यात छत गळले की अस्सल आणि नक्कल दोन्ही एकाच रात्री भिजतात. दुसऱ्या कचेरीत नक्कल दूर ठेवलेली आहे, पण ती उघडून कोणी पाहिलेलीच नाही. गरज पडली तेव्हा कळते की दोन वर्षांपूर्वीच नक्कल होणे बंद पडले होते. तिसरीकडे फाईल आहे, परंतु ती उघडणारे सॉफ्टवेअर आता मिळत नाही. म्हणजे पुन्हा मोडीचीच गत.

संगणकाचे जाणकार यावर एक साधा नियम सांगतात: प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. श्रोतेहो, गाव, परगणा आणि हुजूर यांची आठवण आपणास झाली असेल. आम्ही इतिहासाच्या आधारे त्यात तीन गोष्टी जोडू इच्छितो. पहिली, प्रतींची रुजुवात ठराविक दिवशी व्हावी आणि बदलावर तारीख व बदलणाऱ्याचे नाव पडावे. दुसरी, जुनी रीत पुसून टाकू नये. नवी लिहावी आणि जुनी मागे ठेवावी. तिसरी, हे काम कोणाचे, हे नावानिशी ठरलेले असावे. कारण ‘सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे’ हेच दुसऱ्या बाजीरावाच्या दफ्तराने शिकविले.

दिवस कोणता धरावा? आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वहीपूजन करतात. कोऱ्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतात, जुनी वही बासनात बांधून ठेवतात. आमची सूचना एवढीच की, त्या दिवशी दूर ठेवलेली दुसरी प्रत आणवावी, उघडावी आणि निदान एक पान मोठ्याने वाचून पाहावे. पान वाचता आले तर हळदकुंकू वाहावे. वाचता आले नाही तर पूजा थांबवून आधी प्रत दुरुस्त करावी. लक्ष्मी तेवढ्याने रागावणार नाही.