बुधवारवाड्यातील ग्रंथालय

कऱ्हाकाठच्या बारामतीत कविवर्य मोरोपंतांनी आपली विपुल काव्यसंपदा निर्माण केली, त्या काळी ग्रंथ म्हणजे हस्तलिखित पोथी. ती घरात, मठात वा मंदिरात जपली जाई. सामान्य वाचकास सहजी पाहावयास मिळत नसे. मोरोपंत 1794 साली निवर्तले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, आपल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पुण्यात, ग्रंथ लोकांसाठी खुले करण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला.

1848 साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली. याच वर्षी त्यांची ‘शतपत्रे’ प्रसिद्ध होऊ लागली, आणि याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. ग्रंथालयास जागा मिळाली ती दुसऱ्या बाजीरावाच्या बुधवारवाड्यात. पेशवाई संपल्यावर हा वाडा सरकारी ताब्यात होता. राजवाड्याचे वाचनालय व्हावे, हा कालमहिमाच म्हणावयाचा!

परंतु 13 मे 1879 च्या रात्री बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आग लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. साहजिकच संशय तिकडे गेला. प्रत्यक्षात हे कृत्य सरकारी पुस्तक भांडाराशी संबंधित एका नोकराचे निघाले. विश्रामबागवाड्याचा बराच भाग वाचला. दुरुस्त होऊन तो आजही उभा आहे. लाकडी बांधणीचा बुधवारवाडा मात्र भस्मसात झाला, आणि त्याबरोबर ग्रंथसंग्रहही गेला.

वास्तू गेली, तरी संस्था गेली नाही. ती पुन्हा उभी राहिली आणि आज ‘पुणे नगर वाचन मंदिर’ या नावाने ओळखली जाते. ग्रंथालयाचा खरा पाया वाचकांच्या आस्थेत असतो, हे यावरून दिसून येते.

एकाच ठिकाणी असलेला ग्रंथ सदैव संकटात असतो, ही जाण जैन समाजातील धुरीणांनाही होती. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या प्राचीन ताडपत्री प्रती दक्षिणेत मूडबिद्री येथे होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करवून घेण्याच्या कार्यात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी अग्रभागी होते. त्यांचेच सुपुत्र शेठ वालचंद यांच्या नावाने इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर वसले. पुढे 1939 पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ‘धवला’चे खंड छापून प्रसिद्ध होऊ लागले. जे एका भांडारात होते, ते घरोघरी पोहोचू शकले.

शास्त्रदानास आपल्याकडे आहारदान, औषधदान व अभयदान यांच्या बरोबरीचे स्थान आहे. श्रुतपंचमीस वा ज्ञानपंचमीस आपण ग्रंथांचे पूजन करतो. त्या दिवशी कपाटे उघडून ग्रंथांची यादी तपासावी, जीर्ण पोथीची नक्कल करून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि एखादा ग्रंथ नव्या वाचकाच्या हाती द्यावा. बुधवारवाड्याच्या राखेने दिलेला बोध तोच आहे.